स्पर्शाचं संवेदन की स्पर्शाची जाणीव?

प्रश्न : मेंदूविषयीच्या लेखांत ‘संवेदन’, ‘संवेदना’, ‘जाणीव’, ‘भान’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. स्पर्शाबद्दल लिहिताना यांत फरक करावा का?

उत्तर : करावाच, अगदी आग्रहाने. बोलताना आपण तो करतोच : ‘कशाला तरी हात लागला, पण कळलं नाही.’ लागणं त्वचेपाशी घडलं, कळणं मेंदूत व्हायचं राहिलं.

त्वचेवर दाब पडला की तिथल्या ग्राहकांतलं (स्पर्श टिपणाऱ्या चेतांच्या टोकांतलं) पिएझो-२ हे प्रथिन त्याचं विद्युतसंदेशात रूपांतर करतं. (पिएझो प्रथिनं २०१० साली सापडली. त्यांचे संशोधक आर्डेम पटापुटियन २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी.) संदेश मज्जारज्जूतून वर जातो, लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी, बाजू बदलतो आणि थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यामार्गे बाह्यकातल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, स्पर्शक्षेत्रात पोचतो. मनगटापासून निघाला तर साधारण २० मिलिसेकंदांत. इथवरच्या सगळ्या व्यवहाराला मी ‘संवेदन’ म्हणेन.

‘जाणीव’ त्यापुढची. मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या असलेल्या रुग्णांच्या स्पर्शक्षेत्राला अगदी सौम्य विद्युतप्रवाह दिला. तो जवळपास अर्धा सेकंद चालू राहिला तरच रुग्ण ‘काहीतरी जाणवलं’ असं सांगत. २००५ मध्ये दे लाफुएन्ते आणि रोमो या मेंदूसंशोधकांनी माकडांच्या बोटाला अतिशय मंद कंपनं दिली. प्राथमिक स्पर्शक्षेत्रातल्या पेशींचा प्रतिसाद कंपनाच्या जोरानुसार बदलत होता. ‘जाणवलं’ की ‘नाही’ या माकडाच्या उत्तराशी मात्र मेंदूच्या पुढच्या खंडातल्या पेशी जुळत होत्या. म्हणून जाणीव तिथेच ‘तयार होते’, असं लगेच लिहू नये. उंदरांवरच्या प्रयोगांत पुढच्या भागाकडून स्पर्शक्षेत्राकडे परतणारे संदेशही महत्त्वाचे ठरले आहेत.

पण शब्दांची फारकत अटळ करणारा पुरावा १९८३ चा आहे. जाक पायार आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या एका स्त्रीची नोंद केली. तिला उजव्या हातावरचा स्पर्श मुळीच जाणवत नसे, तरी स्पर्श कुठे झाला ती जागा ती दुसऱ्या हाताने दाखवू शकत होती. इथे संवेदन आहे, जाणीव नाही. ‘स्पर्शसंवेदना गेली’ असं लिहिलं तर या रुग्णातलं सगळं नवल हरवतं.

‘संवेदना’ दवाखान्यात ठीक आहे. ‘पायाला संवेदना नाही’ हे रुग्णाला नेमकं कळतं. लेखात मात्र तिला दुःखाची, सहानुभूतीची छटा चिकटते, म्हणून मी टाळते.

प्रश्न : आणि ‘भान’? ‘बधिर’?

उत्तर : भान एका स्पर्शाचं नसतं, ते एकूण अवस्थेचं नाव आहे. दोन प्रकारच्या भुली घ्या. हिरडी बधिर केली की संदेश चेतातंतूतच अडतो, म्हणजे तिथलं संवेदनच थांबतं आणि भान शाबूत राहतं. पूर्ण भुलीत उलट. भान जातं, तरी मनगटाच्या चेतातंतूला उत्तेजन दिलं की स्पर्शक्षेत्रातला तो पहिला प्रतिसाद सहसा उमटतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेत संदेशमार्ग सुरक्षित आहे ना, हे त्यावरूनच तपासतात.

‘स्पर्शज्ञान’ मी आणखी वेगळं ठेवेन. काहींना हातात वस्तू आहे हे जाणवतं, तिचा थंडपणाही कळतो, पण डोळे मिटून ती किल्ली आहे की नाणं हे सांगता येत नाही. त्यांची जाणीव टिकलेली असते, ओळख गेलेली असते.