एकाच लेखकासाठी दिवाळी अंक घेणारे कोण कोण आहेत इथे?

केतकी_ठाणे:
मामाकडे माळा साफ करताना जुन्या मासिकांचा गठ्ठा निघाला. पण अंक अख्खे नाहीतच, नारायण धारपांच्या तेवढ्या कथा ब्लेडने कापून घेऊन बाइंडिंग केलेलं आणि वर पेनाने 'ना. धा.' एवढंच. मामी म्हणते दिवाळी अंक घरात आला की हा आधी अनुक्रमणिका बघायचा आणि धारप नसले तर अंक तसाच शेजारी जायचा. मी स्वतः 'तुंबाड' सिनेमा बघून धारपांकडे वळले, त्यामुळे आवड समजते, पण हे जरा अतीच नाही का? आणि असलं वेड फक्त भयकथा-रहस्यकथावाल्यांचंच असायचं का?

रद्दी_डेपो:
अती कसलं, मामा सज्जन आहेत, स्वतःचे अंक कापले! आमच्या लायब्ररीत दिवाळी अंक पाचव्या-सहाव्या मेंबरकडे जाईपर्यंत हव्या त्या कथेची पानं गायब असायची, आणि फाडणारा कोण ते सगळ्यांना माहीत. सुशिंचे, म्हणजे रहस्यकथावाल्या सुहास शिरवळकरांचे फॅन तर विचारू नका, त्यांच्यातही त्यांच्या नायकांवरून गट. दारा बुलंदवाले फिरोज इराणीवाल्यांना मोजायचे नाहीत, कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून अबोला धरलेले लोक मी पाहिलेत. त्याआधीच्या पिढीत बाबुराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, आणि माझे आजोबा 'ही वाचली का' विचारलं की पहिलं वाक्य ऐकूनच सांगायचे.

अण्णा_कोथरूड:
हे सगळं लोकप्रिय लेखकांच्या बाबतीत. 'सत्यकथा'सारखं वाङ्मयीन मासिक वाचणारा माणूस नाव बघत नव्हता, लेखन बघत होता. तिथे फॅन वगैरे प्रकार नव्हता, चोखंदळ वाचक होता.

धारवाडी:
अण्णा, रागावू नका पण हे काही पटलं नाही. जीएंचे, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णींचे वाचक तुम्ही पाहिले नाहीत का? माझे काका त्यातलेच. जीए धारवाडला इंग्रजी शिकवायचे, सभा-संमेलनं टाळायचे, फोटोत कायम काळा चष्मा, आणि जितके ते लांब राहिले तितके हे लोक पेटत गेले. काका धारवाडला जाऊन नुसतं त्यांच्या गल्लीतून चालून आले, दार वाजवायची हिंमत झाली नाही आणि वर हेच सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. त्यांच्या 'काजळमाया' कथासंग्रहाला साहित्य अकादमी मिळालं, मग प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि जीएंनी पुरस्कार परत केला, तो विषय घरात निघाला की काका जेवण सोडून भांडायचे जणू पुरस्कार त्यांचाच होता. पुढे पत्रांचे चार खंड आले, लोकांनी तेही पोथीसारखे वाचले. आता मला सांगा, यात आणि केतकीच्या मामात फरक काय? फरक एवढाच की काकांना कुणी फॅन म्हटलं असतं तर त्यांनी घराबाहेर काढलं असतं.
आणि नावं कुणी बघत नव्हतं म्हणता, मग १९६९ साली राजा ढाले आणि लघुनियतकालिकवाल्या बंडखोर मंडळींनी 'सत्यकथे'चा अंक जाळला तो कशावरून? तिथे कुणाला जागा मिळते आणि कुणाला नाही यावरूनच ना. ज्या मासिकाशी काही देणंघेणं नाही ते कुणी विकत घेऊन जाळत बसत नाही.

अण्णा_कोथरूड:
जीएंचा मुद्दा मान्य. पण धारप आणि जीए एका पंगतीत बसवू नका.

धारवाडी:
लेखकांना नाही हो बसवत, वाचकांना बसवतोय.

रद्दी_डेपो:
पंगत राहू द्या. का. र. मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून अनुक्रमणिका बघूनच गिऱ्हाईक पाकीट काढतंय, मी गेली कित्येक वर्षं स्टॉलवर हेच बघतोय. केतकी, ते बाइंडिंग विकू मात्र नकोस, एखादी कथा पुस्तकात आलेली नसेलही. मामांना बसवून कुठली कथा कुठल्या अंकातली ते लिहून घे, कापताना अंकाचं नाव आणि साल सगळं गेलेलं असतं.

केतकी_ठाणे:
विचारलं. मामा म्हणतो 'कथा लक्षात आहेत, अंकांशी मला काय करायचंय'. शिवाय एका कथेच्या शेवटच्या पानामागे दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीची सुरुवात आहे, लेखकाचं नाव अर्धं कापलं गेलंय आणि गोष्ट भारी वाटतेय :(

रद्दी_डेपो:
दोन्ही बाजूंचे फोटो टाक. चित्रकाराची सही आणि मागच्या जाहिराती दिसल्या तर अंक शोधून देतो.