ले-ऑफ, रिझाइन, ऑनरेरियम: नोकरीत कुठल्या शब्दाने तुमचं काय झालं?

भोंगा: काल भाची म्हणाली, "मामा, आमच्याकडे ले-ऑफ चाललाय." कायमचं काढण्याला ले-ऑफ म्हणते पोरगी. आमच्या लहानपणी ले-ऑफ म्हणजे कापूस नाही, वीज नाही, आज घरी जा. बाबा मुंबईत कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. परमनंट, टेम्पररी, बदली हे शब्द आम्हा पोरांना बाराखडीबरोबर पाठ. बदलीवाल्याने गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला तरच आत. बाबा सकाळीच परतले की आई काही न विचारता आधणाच्या तांदळातून मूठभर काढून ठेवायची. १९८२च्या गिरणी संपानंतर परमनंटवाले आणि बदलीवाले शेजारी शेजारी भाजी विकायला बसले. तुमच्याकडेही हा शब्द की तो, यावर पैसे अडले असतील ना? लिहा.

मस्टरवाला: भोंगादादा, तुमचाच अर्थ बरोबर. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात (नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम न देणं. नाव मस्टरवर राहतं, नियमात बसणाऱ्याला निम्मा पगार मिळतो. कायमचं काढलं की ते रिट्रेंचमेंट. मग महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पण हे त्या कायद्यातल्या 'वर्कमन'ला, म्हणजे कामगाराला; मॅनेजरला नाही. म्हणून तर कालच्या पोराच्या कार्डावरही 'एक्झिक्युटिव्ह' छापतात. अर्थात नुसत्या छापण्याने होत नाही, कोर्ट काम काय करतो ते बघतं. बाकी संध्याकाळी, ऑडिट आहे.

उपमा_विदाउट_साखर: मला ले-ऑफही नाही अन् रिट्रेंचमेंटही नाही. एचआरच्या बाई पाण्याची बाटली पुढे सरकवून म्हणाल्या, "रिझाइन करा, टर्मिनेट लिहिलं तर पुढे त्रास होईल." मेल आधीच टाइप केलेला, फक्त सेंड दाबायचं. 'पर्सनल रीझन्स' एवढं खोडलं आणि 'अ‍ॅज आस्क्ड बाय एचआर' घातलं. बाईंचा चेहरा! दोन महिन्यांचा पगार जास्तीचा सुटला.

चकली: @उपमा जियो!! आमच्याकडे माणसं कमी करण्याला 'राइटसायझिंग' म्हणत. साहेबाचा साइज मात्र तसाच.

सूनबाई: सासूबाई अंगणवाडी सेविका. पोरांचं वजन, पोषण आहार, रजिस्टरं, वर निवडणुकीची कामं. मिळतं ते सॅलरी नाही, ऑनरेरियम. आपलं 'मानधन' हो. कर्जाच्या फॉर्मवर सॅलरीड की सेल्फ-एम्प्लॉइड? बँकेतला मुलगा म्हणे, "काकू, दोन्हीत बसत नाही." एप्रिल २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सेविका-मदतनिसांना तेव्हाचा १९७२चा ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) कायदा लागू आणि हे मानधन म्हणजे वेजेसच. सासूबाईंनी ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलंय. मस्टरवाले दादा, ग्रॅच्युइटीचा अर्ज कसा करायचा?

न्यूजर्सीची_माई: अमेरिकेत एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले तेव्हा 'वर्क' म्हणायचीच धास्ती. लायब्ररीत फुकट पुस्तकं लावली तर व्हॉलंटियर, चालतं. शेजारणीची मुलं सांभाळून पैसे घेतले की एम्प्लॉयमेंट, व्हिसा धोक्यात. २०१५मध्ये काही जणींना कामाचं परमिट मिळायला लागलं, तेही नवऱ्याचं ग्रीन कार्ड अमुक टप्प्यावर असेल तर. मी तोवर गणपतीच्या मंडळात मोदक वळत होते, फुकटच!

चकली: माई, तिकडे तांदळाची पिठी कुठली वापरता? माझ्या कळ्या फुटतात.

न्यूजर्सीची_माई: उकड गरम असतानाच तेलाच्या हाताने मळ गं. विपू (विचारपूस) बघ, तिथे लिहिते.

मस्टरवाला: सूनबाई, केंद्राच्या जुन्या नियमांत 'फॉर्म आय' होता, आताचा फॉर्म विचारून घ्या. शक्यतो निवृत्तीपासून ३० दिवसांत द्या, पोच घ्या. उशीर झाला तरी सोडू नका. रुजू झाल्याचा आदेश जपून ठेवायला सांगा.

सूनबाई: आदेश आहे, पत्र्याच्या ट्रंकेत. उंदराने कोपरा खाल्लाय, सही शाबूत आहे 🙏

लालबागची_लेक: भोंगादादा, बाबा कुठल्या खात्यात म्हणालात, साचा (विणकाम) की रिंग (सूतकताई)? माझे आजोबा रिंगमध्ये. त्यांचा तिकीट नंबर (गिरणीतला कामगार क्रमांक) सापडत नाहीये, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी हवाय. पीएफच्या स्लिपवर असतो का तो?