मदत हवी आहे: रॅरिटन उपसागरातील स्ट्राइप्ड बास घरी खाण्यासाठी कोणता ठेवावा, कसा रांधावा आणि सोडायचा तो कसा सोडावा?

नमस्कार,

आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो; मूळ गाव अलिबागजवळचे. मार्च उजाडला की मी साउथ अँबॉय किंवा कीपोर्टच्या किनाऱ्यावरून रॅरिटन उपसागरात स्ट्राइप्ड बाससाठी गळ टाकतो. आजवर लागलेला प्रत्येक मासा मी परत पाण्यात सोडत आलो आहे. यंदा एक तरी घरी आणावा असा घरच्यांचा आग्रह आहे. घरात लहान मुलगी आहे आणि मुक्कामाला आलेल्या बहिणीला दिवस गेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ चवीपुरता राहत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ज्यांनी हा मासा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रुपेरी अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या, सलग रेघा असतात, मांस पांढरे व घट्ट असते आणि तुकडीचा पोत आपल्या जिताड्याच्या बराच जवळ जातो. जीवनक्रम मात्र नेमका उलटा आहे. जिताडा गोड्या व मचूळ पाण्यात वाढून अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. स्ट्राइप्ड बास समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालण्यासाठी हडसन, डेलावेअर किंवा चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या गोड्या पाण्यात चढतो. ही अंडी तळाशी बसली तर गुदमरतात. वाहत्या पाण्याने ती दोनेक दिवस तरंगत ठेवली तरच पिल्ले बाहेर येतात. अंडी घालून झाली की मोठे मासे उन्हाळ्यासाठी न्यू इंग्लंडच्या थंड पाण्याकडे जातात आणि शरद ऋतूत बंकर (मेनहेडन) या लहान, तेलकट माशांच्या थव्यांमागोमाग जर्सीच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे परततात.

माझा पहिला प्रश्न इथेच येतो. एप्रिलमध्ये आमच्या उपसागरात मिळणाऱ्या मोठ्या माद्यांच्या पोटात गाबोळी भरलेली असते, आणि गाबोळी म्हटल्यावर आपल्या घरांत काय होते ते वेगळे सांगायला नको. अशी मादी ठेवण्याला माझे मन तयार होत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हा मासा जवळजवळ संपला होता. 1984 साली त्यासाठी स्वतंत्र संघीय कायदा करावा लागला, चेसापीक उपसागरालगतच्या मेरीलँड राज्याने 1985 पासून पाच वर्षे मासेमारी पूर्ण बंद ठेवली आणि 1995 साली साठा सावरल्याचे जाहीर झाले. आता पुन्हा चिंता आहे, कारण मेरीलँडमध्ये 1954 पासून दरवर्षी होणाऱ्या पिल्लांच्या मोजणीत 2019 पासून सातत्याने फार कमी पिल्ले आढळत आहेत. 2023 पासून किनारपट्टीवर दिवसाला एकच मासा, तोही 28 ते 31 इंचांमधला, ठेवता येतो. मग वसंताऐवजी नोव्हेंबरमधला मासा ठेवला तर साठ्याला खरोखर फरक पडतो का? नोव्हेंबरात मारलेली मादीसुद्धा पुढच्या वसंतात नदीत चढणार नसतेच, त्यामुळे हे केवळ मनाचे समाधान ठरेल अशी शंका येते. या मापातला नर बाहेरून ओळखण्याची काही खात्रीची खूण असल्यास तीही सांगावी.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हडसनच्या वरच्या भागातील कारखान्यांतून 1970 च्या दशकापर्यंत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी औद्योगिक रसायन नदीत सोडले जात होते आणि त्यामुळे 1976 साली हडसनमधील स्ट्राइप्ड बासची व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली. हे रसायन माशाच्या चरबीत साठते व शिजवल्याने नष्ट होत नाही, म्हणून लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी राज्याच्या सूचना इतरांपेक्षा कितीतरी कडक आहेत. बहिणीला हा मासा द्यायचा नाही, हे आम्ही ठरवले आहे. बाकीच्यांसाठी कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूच्या रेषेलगतचे लालसर काळे मांस काढून टाकावे व मासा जाळीवर भाजावा, म्हणजे चरबी गळून जाते, असे सांगितले जाते. आपली पद्धत नेमकी याच्या विरुद्ध आहे: आपण कातडीसकट तुकड्या करतो, डोके कालवणात घालतो आणि सुटलेली सगळी चरबी रश्श्यातच राहते. कातडी व लाल मांस काढलेल्या तुकड्यांचे आगळ घालून कालवण कोणी केले आहे का? डोक्याशिवाय रश्श्याला अंगचा दाटपणा कशाने आणता? तुकड्या रश्श्यात फुटतात का? गाबोळी खाणे मुळातच टाळावे, असे मला वाटते. कोणाला याविषयी नेमकी माहिती असल्यास लिहावे.

बाजारात टाक्यांमध्ये जिवंत मिळणारा बास हा बहुधा शेततळ्यात वाढवलेला संकर असतो आणि त्याच्या रेघा मधूनमधून तुटलेल्या दिसतात. मुलीसाठी तो घेणे अधिक योग्य ठरेल का?

शेवटचा प्रश्न सोडण्याविषयी. सोडलेल्या माशांपैकी साधारण 9 टक्के मरतात असे व्यवस्थापनाच्या हिशेबात धरले जाते. काही वर्षांत हौशी मासेमारांनी घरी नेलेल्या माशांपेक्षा त्यांनी सोडल्यावर मेलेल्यांची संख्या जास्त भरली आहे, म्हणून केवळ सोडून दिल्याने आपली जबाबदारी संपत नाही. नैसर्गिक आमिषासाठी सक्तीचा असलेला गोल गळ (सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ) मी वापरतो; तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच रुततो. खालच्या जबड्यात अंगठा घालून, दुसरा हात पोटाखाली देऊन मी मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरतो. कानशीसारखे खरखरीत बारीक दात अंगठ्यावर आवळले गेले आणि शेपटीचा जोरदार फटका बसला, की हात सोडतो. वाळूवर हे सोपे जाते. धक्क्यावरच्या शेवाळलेल्या दगडांवरून मात्र पाण्यापर्यंत उतरता येत नाही आणि वर ओढताना मासा दगडांवर आपटतो. अशा जागी लांब दांड्याची जाळी पुरेशी होते का, की तिथे गळ टाकूच नये? जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापल्यावर आपण मासेमारी थांबवता का, आणि थांबवत असल्यास पाण्याचे कोणते तापमान मर्यादा मानता?

रॅरिटन, सँडी हूक किंवा चेसापीक परिसरात मासेमारी करणाऱ्यांचे, तसेच हा मासा घरी रांधणाऱ्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील. आपल्या उत्तरात महिना आणि माशाचे माप आवर्जून नोंदवावे, ही विनंती.