आधी मातीकडे बघा, कुंडी नंतर
कुंडीतलं जुनं झाड वाळत चाललंय, ते कसं वाचवायचं या प्रश्नावर वर दोघातिघांनी 'लगेच कुंडी बदला, मुळं छाटा' असं सांगितलंय ते मला नाही पटत. झाड अशक्त असताना मुळं कापली तर उरलीसुरली ताकदपण जाते. आधी नखानं साल हलकी खरवडून बघा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे, आणि फांदी वाळलेली निघाली तरी खोडाजवळ बघितल्याशिवाय टाकून देऊ नका.

दुसरं म्हणजे जुन्या कुंडीतली माती दगडासारखी घट्ट झालेली असते, वरनं पाणी घातलं की कडेकडेनं खाली निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच, हे कुणी लिहिलंच नाही. आमच्या शेजारच्या काकांचा वड असाच होता, पानं सगळी गळालेली. पाण्यानं भरलेल्या टबात कुंडी काठापर्यंत बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवली, बराच वेळ येत होते ते! मग झाड सावलीत, खत अजिबात नाही. पुढं खोडावरच टोकदार कोंब फुटले, काय आनंद झाला सांगू. कुंडी बदलायची तर वड-उंबराला आपल्या कोल्हापुरात पावसाच्या तोंडावर, विटांचा चाळलेला चुरा, जाड वाळू नि थोडं कुजलेलं शेणखत घालून. काळी माती नको, जुलैच्या पावसात चिखल होऊन मुळं कुजतात.