सल्ला हवा: ८० मीटरसाठी शेतात बेव्हरेज अँटेना, बजेट ४,०००

रानवारा: नमस्कार मंडळी. आमचा बांध १७० मीटर सरळ आहे, वायव्य-आग्नेय. ८० मीटर बँडवर (हौशी रेडिओचा ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) रात्री युरोप ऐकायचाय, पण डायपोलवर (मधोमध जोडलेली साधी तारेची अँटेना) नुसती खरखर. बेव्हरेज (जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवी ताणलेली लांब तार) टाकायची आहे, फक्त ऐकायला. तार, ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर सगळं ४,००० रुपयांत बसवायचंय. काय घेऊ?

डोंगरी_डीएक्स: आधी चांगला एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) घ्या. मी ४५ हजारांचा घेतला, पैसे वसूल.

जुना_मोर्सवाला: बेव्हरेजच्या नादी लागू नका. आम्ही टाकली होती, एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा) डायपोलपेक्षा कितीतरी खाली. गुंडाळून ठेवली.

गच्ची७३: काका, मीटर खाली जाणारच! ही तार सिग्नल कमी उचलते, पण इतर दिशांची खरखर त्याहून कमी. मीटर नाही, सिग्नल आणि खरखर यांतला फरक बघायचा. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली या अमेरिकन रेडिओवाल्याने स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला १,३०० फुटांच्या बेव्हरेजवरच अमेरिकेतले हौशी रेडिओवाले ऐकले.

काळीभोर: काळं रान असेल तर उत्तम, ओल धरतं.

गच्ची७३: उलट आहे. रेडिओची लाट जमिनीवरून जाताना पुढे झुकते, म्हणून आडव्या तारेत करंट येतो. जमीन जितकी चांगली वाहक, तितकी लाट कमी झुकते. मुरमाड रान बरं.

डोंगरी_डीएक्स: एसडीआरचं मनावर घ्याच.

मुरमाड: माझ्याकडे चालू आहे. कुंपणाच्या झटका मशीनची तार आणि तिचेच इन्सुलेटर, बांबूवर तीन मीटर उंच, बैलगाडी खालून जाते. रेडिओच्या टोकाला ९:१ ट्रान्सफॉर्मर, तार केबलशी जुळवायला. युरोपाकडच्या टोकाला ४७० ओमचा कार्बन रेझिस्टर आणि अर्थ रॉड. वायरवाउंड नको, त्याची कॉइल होते. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) १.८ ते ७ मेगाहर्ट्झ स्वीप करा. एसडब्ल्यूआरचा (जुळणी किती बरोबर ते सांगणारा आकडा) आलेख जवळपास सपाट आला तर रेझिस्टर जुळला, त्यात लाटा दिसल्या तर बदला. मागची बाजू तपासायला लायसन्सवाल्या मित्राला आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवरून, उभ्या अँटेनावर, कमी पॉवरने कॅरिअर (नुसता सलग सिग्नल) लावायला सांगा. रेझिस्टर जोडल्यावर तो सिग्नल पडला पाहिजे, काढल्यावर चढला पाहिजे. हो, शेजारच्या झटका मशीनची टकटक सेकंदा-सेकंदाला ऐकू येते, मालकाशी आधी बोलून घ्या.

जुना_मोर्सवाला: रेझिस्टर हवाच. नाहीतर तार दोन्हीकडून ऐकते.

काळीभोर: +१, रेझिस्टर हवाच. आणि वळीव आला की आधी तार सोडवा, माझ्या रिसीव्हरचं पुढचं टोक जळालं होतं.

रानवारा: सगळ्यांचे आभार. झटक्याची तार आणि ट्रान्सफॉर्मरचा कोर मागवला. नॅनोव्हीएनए मित्राचा आहे. रेझिस्टर मात्र लावणार नाही. इथून लंडन साधारण ३१९ अंशांवर आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ १४१ वर, म्हणजे एकाच बांधाची दोन टोकं. मला दोन्ही ऐकायचेत.