रनटाइम एरर १००४ : तुम्हाला कसा सापडला ते सांगा

मंडळी, एक्सेलचे मॅक्रो (एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारे, व्हीबीए भाषेतले छोटे प्रोग्राम) लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती छोटी खिडकी भेटलेली असणारच. 'रन-टाइम एरर १००४, ॲप्लिकेशन-डिफाइन्ड ऑर ऑब्जेक्ट-डिफाइन्ड एरर.' वाचून काय बिघडलंय याचा काही पत्ता लागत नाही. एरर ९ आला की शीटचं नाव चुकलं असेल असं तरी वाटतं, ६ आला की इंटिजर ३२,७६७ च्या पुढे गेलाय हे कळतं, पण १००४ च्या पोटात काय काय दडलेलं असेल सांगता येत नाही. म्हणून हा धागा. कुठे अडलात, कसं सापडलं, सविस्तर लिहा, पुढच्या माणसाची रात्र वाचेल.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा रोजच्या नोंदींचा मॅक्रो कित्येक महिने बिनतक्रार चालला आणि एका महिन्याच्या पहिल्याच दिवशी अडला. डीबग दाबलं की अडलेली ओळ पिवळी दिसते, ती कुठली, तर शेवटच्या नोंदीखाली नवी नोंद टाकणारी, जिला मी महिनोनमहिने हातसुद्धा लावला नव्हता. दोन तास कोड वाचत बसले. मग शीट उघडून ए१ वर उभी राहिले आणि हातानेच कंट्रोल आणि खालचा बाण दाबला, तर कर्सर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर. नव्या महिन्याची शीट, नुसतं हेडिंग, खाली काही नाही, आणि माझा कोड एक्सएल-डाउनने (म्हणजे त्याच कंट्रोल-बाणाने) खाली जाऊन आणखी एक ओळ मागत होता, जी एक्सेलमध्ये नाहीच. तेव्हापासून मी शीटच्या तळापासून एक्सएल-अपने वर येते.

*

पिवळी ओळ वाचून काही सापडत नाही, हा तुमचा अनुभव अगदी खरा. माझ्या केसमध्ये रेंजच्या (सेलच्या पट्ट्याच्या) आधी शीटचं नाव नीट दिलेलं होतं, पण कंसातल्या, तिचे कोपरे सांगणाऱ्या दोन सेल्सच्या आधी दिलं नव्हतं. नाव नसलं की स्टँडर्ड मॉड्यूलमध्ये सेल्स म्हणजे त्या क्षणी समोर असलेली शीट. म्हणजे रेंज एका शीटची, कोपरे दुसऱ्या शीटचे. मी तपासायला म्हणून नेमकी तीच शीट उघडून मॅक्रो चालवायचो त्यामुळे माझ्यासमोर कधी अडलाच नाही, दुसऱ्याने चालवला की लगेच १००४. आता विथ लिहून शीटचं नाव एकदाच देतो आणि प्रत्येक सेल्सच्या आधी टिंब, म्हणजे ती त्याच शीटची.

*

मी जरा वेगळं सांगतो, कारण माझ्याकडे एरर आला नाही हेच दुखणं होतं. वर्कशीटफंक्शनमधून व्हीलुकअप (यादीत कोड शोधून त्याचा दर आणणं) करत होतो, कोड यादीत नसला की तो १००४ देतो. घाई होती, म्हणून वर 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' (एरर आला तरी पुढच्या ओळीवर जा) टाकलं आणि मॅक्रो सुरळीत चालू झाला. नंतर एका सहकाऱ्याने विचारलं की या लागोपाठच्या तीन मालांना एकच दर कसा. तिघांपैकी दोन कोड यादीत नव्हतेच! लुकअप फसला की ती ओळ सोडून दिली जाते आणि व्हेरिएबलमध्ये आधीच्या मालाचा दर तसाच राहतो, तोच पुढच्या ओळीत लिहिला जातो. ते आकडे पुढे गेलेले होते, सगळे रिपोर्ट परत काढून, प्रत्येकाला फोन करून सांगावं लागलं. नवशिक्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ती ओळ एरर घालवत नाही, लपवते. वर्कशीटफंक्शनऐवजी ॲप्लिकेशनचा व्हीलुकअप वापरा, उत्तर व्हेरिअंटमध्ये (ज्यात एररसुद्धा मावतो अशा व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि इज-एररने तपासा.

*

ऑप्शन एक्स्प्लिसिट, म्हणजे आधी जाहीर न केलेलं व्हेरिएबल चालू न देणारी, मॉड्यूलच्या वरची ओळ. बाकी काही नाही, ती नव्हती. व्हेरिएबलच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी पडलं, व्हीबीएने गुपचूप नवं रिकामं व्हेरिएबल धरलं, रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्य नंबरची ओळ शीटवर नसते. १००४.

*

माझ्याकडे कॉपी, मग शीट अनप्रोटेक्ट, मग पेस्ट-स्पेशल असा क्रम होता. पेस्टवर अडायचा. एफ८ ने एकेक ओळ पुढे नेत होते आणि नजर शीटवर ठेवली होती, तर अनप्रोटेक्टची ओळ गेली आणि कॉपी केलेल्या भागाभोवतीची हलणारी तुटक रेघ माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. कॉपीच पुसली गेली तर पेस्ट करणार काय. अनप्रोटेक्ट वर नेलं, संपलं.

*

फॉर्म वापरणाऱ्यांसाठी एक सांगतो. पिवळी ओळ फॉर्म-शोवर (फॉर्म उघडणाऱ्या ओळीवर) येत असेल तर ती ओळ तपासत बसू नका. टूल्स, ऑप्शन्स, जनरल, तिथे 'ब्रेक इन क्लास मॉड्यूल' निवडा आणि परत चालवा, मग फॉर्मच्या आतली खरी ओळ दिसते. हे माहीत नसल्यामुळे मी एक अख्खा फॉर्म पुन्हा बनवला होता.

*

माझा अजून सुटलेला नाही म्हणून विचारते. मॅक्रो रोज नवी शीट जोडतो आणि तिला आजच्या तारखेचं नाव देतो. माझ्या मशीनवर व्यवस्थित, शेजारच्या मशीनवर नाव द्यायच्या ओळीवर १००४. फाइल तीच, कोड तोच, ऑफिसचं व्हर्जनही तेच. तिथे रिकाम्या शीट मात्र साठत चालल्यात.

*

शीट जोडली जाते आणि नाव पडत नाही, म्हणजे नावातच काहीतरी आहे. शीटच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा आहे आणि तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, चौकोनी कंस चालत नाहीत. दोन्ही मशीनवर कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडा, प्रश्नचिन्ह, पुढे डेट, एंटर. काय दिसतं ते अक्षरन् अक्षर इथे लिहा.

*

पाहिलं! माझ्याकडे दिवस, महिना, वर्ष यांच्यामध्ये आडव्या रेघा आहेत आणि तिकडे तिरक्या. विंडोजच्या तारखेची सेटिंग वेगळी आहे, ती मशीन नवीन आल्यापासून तशीच असणार. आता फॉर्मॅट लावून मध्ये आडव्या रेघा पक्क्या केल्या, दोन्हीकडे चालवून बघितलं, चालतंय. तिकडच्या रिकाम्या शीट मोजल्या, एकोणीस निघाल्या, त्या आता काढायला बसलेय.