मदत हवी आहे : 'नव्रातिल'च्या आधी या घराण्याचं आडनाव दुसरंच होतं का?

नमस्कार मंडळी,

मी ब्रनोत राहते. सासर चेक, मोरावियातल्या वीश्कोवजवळच्या खेड्यातलं, आडनाव नव्रातिल. टेनिसमुळे आपल्याकडे ते 'नवरातिलोवा' म्हणून ओळखीचं आहे (मार्टिनाला ते सावत्र वडिलांकडून मिळालं, जन्माने ती शुबेर्तोवा). बाईच्या आडनावाला 'ओवा' लागतं, म्हणून बाबा नव्रातिल आणि लेक नव्रातिलोवा. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तेव्हापासून मी या शोधात आहे.

नव्रातिल म्हणजे 'परतला'. चेक भूतकाळातही आपल्यासारखाच 'ल' येतो, हे कळलं त्या दिवशी हे आडनाव मला पहिल्यांदा आपलं वाटलं. मोरावियात अशी आडनावं भरपूर. पोस्पीशिल म्हणजे घाई केली, विस्कोचिल म्हणजे उडी मारली. सासरे सांगायचे, आपला मूळपुरुष लढाईवरून परतला, तोवर गावाने त्याची आशा सोडली होती. ते आता नाहीत, आणि ही गोष्ट नवऱ्याच्या फार जिव्हाळ्याची आहे.

चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, म्हणजे मात्रिकी, ब्रनोच्या मोरावियन अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत. सम्राट दुसऱ्या योसेफच्या १७८४ च्या फर्मानानंतर त्यांत आखीव रकाने आणि घर क्रमांक येतात, त्यामुळे तिथपर्यंत काम सरळ झालं. १७८६ साली घर क्रमांक १७ मध्ये नव्रातिल. पण १७७४ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तोच बाप, तीच आई, आणि आडनाव दोस्ताल!

आधी वाटलं, माणसंच वेगळी असतील. मग कळलं की आडनावं कायमची ठरण्याआधी इथे 'पो खालुपे', म्हणजे घरावरून, नाव पडायचं. लग्न करून दुसऱ्याच्या शेतावर राहायला गेलेल्या माणसाला त्या घराचंच नाव चिकटायचं. म्हणजे हा दोस्ताल घरजावई असावा आणि नव्रातिल हे बायकोच्या माहेरचं नाव. किंवा ती विधवा असेल आणि नाव तिच्या पहिल्या नवऱ्याचं. तसं असेल तर परत आलेला तो माणूस आमच्या रक्ताचा आहे की नाही, हे बायकोकडूनच ठरेल.

मला हवी असलेली मदत :

१७७४ च्या नोंदीत दोस्तालच्या पुढे एक छोटा शब्द आणि मग पुसट अक्षरं आहेत. शब्द 'यिनाक' (म्हणजे 'ऊर्फ') असेल का? त्याच अर्थाने लॅटिनमध्ये 'वुल्गो'ही लिहायचे. अक्षर कुर्रेंट, म्हणजे जुन्या जर्मन हस्तलिपीच्या, वळणाचं आहे. जर्मन शिकलेल्या कुणाला ती लिपी वाचता येत असेल तर कृपया सांगा, मी पानाचा फोटो व्यनि करते.

दुसरं, या जोडप्याची लग्नाची नोंद त्या गावच्या वहीत नाही. नवरीच्या गावची वही शोधू की थेट 'ग्रुंतोव्नी क्निही' काढू? त्या जमीनदारीच्या वह्यांत शेत कुणी कुणाकडून घेतलं आणि हप्ते कसे फेडले हे लिहिलेलं असतं, त्यामुळे घर क्रमांक १७ चा आधीचा धनी तिथे सापडेल असं वाटतं. कुणी त्या वापरल्या असतील तर सुरुवात कुठून केलीत?

लेकीच्या झाडावर त्या जागी मी सध्या पेन्सिलीने दोन्ही नावं लिहिली आहेत.